मोरियासुला नशीबवान म्हणू नका

काल, १४ ऑक्टोबर २०२५ ला, फुटबॉलमध्ये जपानने ब्राझीलला हरवलं. इतिहासात पहिल्यांदा! मध्यंतराला ०-२ ने मागे आणि शेवटी ३-२. आणि आज ऑफिसात डबा खाताना एकजण म्हणतो, "असले खेळाडू असल्यावर कोच कोणीही चालतो. मोरियासु नशीबवान आहे." डोकंच फिरलं माझं.

जिंकलं की खेळाडू: मितोमा, कुबो, मिनामिनो. हरलं की जपानचा कोच हाजिमे मोरियासु. हा कुठला न्याय?

तोक्योत आमच्या घराजवळ एक रामेनचं दुकान आहे. २०२२ च्या विश्वचषकात जर्मनीला हरवलं तेव्हा दुकानाचे मालक ओजिसान (म्हणजे काका) आनंदाने वेडे झाले होते. चार दिवसांनी कोस्टा रिकाकडून ०-१ हार झाली, आणि टीव्हीसमोर उभं राहून ते मोरियासुला जे काही बोलले ते इथे लिहवत नाही. पाच खेळाडू बदलणं चुकलंच, मान्य. पण म्हणून एवढं?

मग स्पेनचा सामना, पहाटे चारला. ओजिसाननी आम्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी दुकान उघडलं होतं. जिंकल्यावर ढसाढसा रडले. दोआनचा गोल, तानाकाचा गोल, मितोमाने रेषेवरून परत आणलेला तो चेंडू, सगळ्यांचं कौतुक झालं. कोचचं नाव एकदाही नाही! अहो, मध्यंतरानंतर दोआन आणि मितोमाला मैदानात कोणी उतरवलं? जर्मनीविरुद्धचे दोन्ही गोलसुद्धा बदली खेळाडूंचेच, दोआन आणि असानो.

ऑक्टोबर १९९३ मध्ये दोहाला इराकने शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि जपानचा पहिला विश्वचषक हुकला. तेव्हा हा माणूस मैदानात होता, खेळाडू म्हणून. पुढे हिरोशिमाच्या क्लबचा कोच होऊन चार वर्षांत तीनदा जपानची लीग जिंकून दिली. तरी २०२१ मध्ये जपान ओमान आणि सौदीकडून हरल्यावर 'काढा याला' म्हणून ओरडा झालाच. पुढच्याच ऑस्ट्रेलियाच्या सामन्याआधी राष्ट्रगीताला त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो सामना जपानने जिंकला.

आशिया चषक त्याला जिंकता आलेला नाही, २०१९ ला अंतिम फेरीत कतारकडून हरला, २०२४ ला उपांत्यपूर्व फेरीत इराणकडून. आणि काल ब्राझीलच्या बचावफळीनेही चुका केल्या. झालं समाधान?

तो मोठमोठ्या बाता मारत नाही. वहीत टिपत बसतो. क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरल्यावर प्रेक्षकांसमोर कमरेत वाकून उभा राहिला होता, बराच वेळ. ते बघून त्या दिवशी ओजिसानसुद्धा काही बोलले नाहीत, चुपचाप भांडी घासत राहिले. मला वाटतं मनातून त्यांनाही तो आवडतो. कोचचं कौतुक करायची सवयच नाही लोकांना.

यजमान सोडून २०२६ च्या विश्वचषकात सगळ्यात आधी पोहोचलेला संघ त्याचाच. तिथे हरला तर हेच लोक पुन्हा तुटून पडतील. मी तेव्हाही त्याच्याच बाजूने असेन, हे आजच लिहून ठेवते.