चिनारच्या फोटोंबद्दलच्या आपल्या रिव्ह्यूला लॅबकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमच्या तक्रारी तीन आहेत. काश्मीरच्या चिनारचे फोटो मोबाइलवर लालभडक दिसतात, पण आमच्या १२ × १८ इंची प्रिंटमध्ये ते 'विटकरी आणि मळकट' आले. पिवळी झाडं लाल करा असं सांगूनही तशी करून दिली नाहीत. आणि एवढं होऊन एडिटिंगचे पैसे वेगळे घेतले. हौसेनं भिंतीवर लावायला घेतलेल्या फोटोनं हिरमोड व्हावा, याचं आम्हालाही वाईट वाटतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर नाशिकमधून असे बरेच फोटो प्रिंटला येतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आधी लाल रंगाचं. मोबाइलचा स्क्रीन स्वतः उजळतो, कागदाला खोलीतल्या उजेडावरच भागवावं लागतं. त्यात बऱ्याच फोनवर डिस्प्ले 'व्हिविड' मोडवर असतो. तो 'नॅचरल' करून तोच फोटो पाहिलात, तर लाल तिथेच बराच उतरलेला दिसेल. फोटो पेपरवर ठरावीक मर्यादेपलीकडचा लाल उमटतच नाही. फाइलमध्ये प्रत्येक रंग ० ते २५५ अशा आकड्यांत मोजतात. पानाच्या एका भागात लाल २५५, हिरवा ० आणि शेजारच्या शिरेवर लाल २५५, हिरवा २० असेल, तर स्क्रीनवर दोन्ही वेगळे दिसतील, कागदावर मात्र एकच लाल पट्टा येईल. तुमचा जमिनीवर पडलेल्या पानाचा क्लोजअप नेमका असाच होता. प्रिंटआधी आम्ही त्या पेपरच्या प्रोफाइलवर (कागद कोणते रंग दाखवू शकतो ते सांगणाऱ्या फाइलवर) सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल त्याची स्क्रीनवरची झलक, पाहतो, आणि त्यात पानाचा अर्धा भाग मर्यादेबाहेर दाखवत होता. म्हणून लालचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) १५ नं आणि ल्युमिनन्स (रंगाचा उजळपणा) १० नं खाली घेतलं. प्रिंट हातात घेऊन पाहा: देठापासून फुटणाऱ्या शिरा आणि पानाची दातेरी कड स्पष्ट आहे. सॅच्युरेशन तसंच ठेवलं असतं तर रंग थोडा अधिक आला असता आणि पान गेलं असतं. आमच्या मते पान राहणं महत्त्वाचं.

'मळकट' वाटण्याचं आणखी एक कारण पेपरचं आहे. तुम्ही मॅट निवडला होता. मॅटवर चमक येत नाही हे खरं, पण काळा रंग ग्लॉसीइतका गडद होत नाही आणि लाल-नारिंगी दबतात. पानगळीच्या फोटोंना आम्ही लस्टर (मॅट आणि ग्लॉसी यांच्या मधला, किंचित चमकीचा पेपर) सुचवतो. त्यात रंगही टिकतो आणि समोरच्या खिडकीचं प्रतिबिंबही फारसं त्रास देत नाही. शिवाय प्रिंट दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी पाहा. हॉलमधल्या ३००० केल्विनच्या पिवळट दिव्याखाली पांढरं पिवळं दिसतं, आकाशाचा निळा मरतो आणि सगळा फोटो तपकिरीकडे झुकतो.

आता फाइल्स. सगळे फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर आले होते. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो तिथे लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा होतो. १८ इंचावर तो ताणला की इंचाला ८९ पिक्सेल उरतात. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात. दोनशेच्या आसपासही काम चांगलं होतं, नव्वदला होत नाही. नुकसान फक्त बारकाव्याचं नाही. जेपीईजी दाबताना उजेडाची माहिती बऱ्यापैकी राखली जाते, पण रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी केली जाते. त्यामुळे हिरव्या गवतावरच्या लाल पानाची कड किंवा निळ्या आकाशासमोरची नारिंगी फांदी चौकोनी तुकड्यांची दिसू लागते. म्हणूनच काउंटरवर तुमच्याकडे मूळ फाइल्स मागितल्या होत्या. व्हॉट्सॲपवरच पाठवायचं असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी येते. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ या रंगपट्ट्यात असतात. ते एसआरजीबी या त्याहून लहान, सर्वत्र चालणाऱ्या रंगपट्ट्यात 'कन्व्हर्ट' करायचे असतात. प्रोफाइल नुसतं बदलून चिकटवलं की लाल फिका पडतो. आमच्याकडे ते रूपांतर करूनच प्रिंटला जातं.

पिवळ्या झाडांबद्दल. तुमचे फोटो ८ ऑक्टोबरचे आहेत. काश्मीरमध्ये चिनारचा रंग साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत भरात असतो. आधी हरितद्रव्याचं विघटन होतं आणि पानात मुळातच असलेला पिवळा उघडा पडतो. लाल मात्र पानात नव्यानं तयार होतो, आणि त्याला थंड रात्री व स्वच्छ उन्हाचे दिवस लागतात. तुमच्या फोटोतली पिवळी झाडं त्या पायरीपर्यंत आलेलीच नव्हती.

लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पिवळ्याचा ह्यू (रंगाची छटा) उणेकडे नेला की तो नारिंगी होतो. त्याच्यापुढे लाल करायला नारिंगीचाही ह्यू उणे करावा लागतो, आणि माणसाच्या त्वचेचा रंग नेमका त्याच पट्ट्यात येतो. चेहरे भाजल्यासारखे दिसतात, शिकारा होडीतल्या पिवळ्या गाद्या आणि सुकलेलं गवतही लाल होतं. म्हणून आम्ही माणसांचा मास्क (बदल ठरावीक भागापुरता ठेवणारी निवड) वेगळा करून झाडांवर पिवळ्याचा ह्यू उणे १८, हिरव्याचा उणे २५ आणि व्हायब्रन्स (मुख्यतः फिक्या रंगांची तीव्रता) अधिक २० इतकंच केलं. झाडं सोनेरी झाली. संपूर्ण झाड लाल हवंच असेल तर फांदी-फांदीचा मास्क करून ते होतं, पण त्याचा वेळ आणि दर वेगळा आहे. आणि १६०० पिक्सेलच्या फाइलवर ते करायला आम्ही तयार नाही, कारण आकाशाकडच्या प्रत्येक पानाभोवती पांढरी किनार उरते.

पुढच्या खेपेसाठी काही गोष्टी मनापासून सांगतो. सर्वांत जास्त फरक लेन्सवर लावायच्या सीपीएल (चमक कापणाऱ्या पोलरायझिंग) फिल्टरनं पडतो. पानाचा पृष्ठभाग आकाशाचा पांढरा उजेड परतवतो आणि खालचा रंग झाकतो. फिल्टरची रिंग हळूहळू फिरवली की ती चमक जाते. एडिटिंगमध्ये ही चमक काढता येत नाही, कारण तिच्याखाली रंग नोंदलाच गेलेला नसतो. फिल्टर एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) थोडा वाढवा. वाऱ्यात हलणाऱ्या पानांना १/२५० सेकंद तरी शटर हवं. अतिरुंद लेन्सवर फिल्टर पूर्ण फिरवू नका, आकाश एका बाजूला गडद होतं.

दुसरं, व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. फ्रेमभर नारिंगी दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो फोटो निळसर करतो. उन्हात 'डेलाइट', सावलीत 'शेड' लावा. एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप कमी ठेवा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा पाहा. एकत्र हिस्टोग्राम ठीक दिसत असताना लाल चॅनल उजवीकडे भिडलेला असतो, तिथल्या शिरा गेलेल्या असतात. पानांमागून ऊन येईल असं उभं राहा, पानं आतून उजळतात. आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्या: जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४.

सराव करायला काश्मीर गाठायची गरज नाही. थंडी सरता सरता आपल्याकडे सोसायट्यांमधल्या देशी बदामाची पानं गडद लाल होतात, आणि फाल्गुन-चैत्रात कुसुमाच्या झाडाची कोवळी पालवी लालभडक असते. लाल चॅनल सांभाळायचा सराव त्यांवर उत्तम होतो.

पैशांबद्दल: प्रिंटच्या दरात पूर्ण फोटोचं साधं कलर करेक्शन धरलेलं असतं. माणसं आणि झाडं वेगळी करून केलेलं काम फोटोगणिक लावतो. तो दर ऑर्डरच्या पावतीवर वेगळ्या ओळीत लिहिलेला आहे.

मूळ फाइल्स पेन ड्राइव्हवर घेऊन या. तुमच्या आवडीच्या तीन फोटोंचे लस्टरवर ४ × ६ चे दोन-दोन नमुने काढून देऊ, एक आताच्या रंगात आणि एक अधिक तापलेल्या लालमध्ये. त्यांचे पैसे नाहीत. दोन्ही घरी भिंतीवर लावून दिवसा आणि संध्याकाळी पाहा. निवडलेल्याची १२ × १८ प्रिंट फक्त पेपरच्या खर्चात काढून देऊ. येताना जुनी पावती सोबत ठेवा.