ताम्हिणीत ‘सैतानी पाल’ सापडलेली नाही

पाऊस सुरू झाला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक फोटो फिरू लागतो. वाळून कुरतडल्यासारख्या पानाची शेपटी, डोळ्यांवर शिंगं, बटबटीत डोळे. खालचा मजकूर साधारण असा: ‘ताम्हिणी घाटात सापडली सैतानी पाल! पाल आणि सरडा यांच्या संकरातून जन्मलेला हा प्राणी कोणत्या गटात टाकायचा हे शास्त्रज्ञांनाही ठरवता आलेलं नाही. क्षणात रंग बदलून अदृश्य होते. चावल्यास दहा मिनिटांत मृत्यू. जिवंत पकडून देणाऱ्यास लाखो रुपये. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.’

फोटो खरा आहे. मजकुरातलं रंगाबद्दलचं वाक्य जेमतेम चतकोर खरं आहे, बाकी सगळं टाकाऊ.

‘ताम्हिणी घाटात सापडली’

फोटोतला प्राणी म्हणजे युरोप्लॅटस फॅन्टॅस्टिकस नावाची पाल. मादागास्करच्या पूर्वेकडच्या सदाहरित जंगलात, उदाहरणार्थ रानोमाफाना राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, तो राहतो. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम ९ सेंटीमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढा. फोटो जवळून काढलेला असल्यामुळे तो घोरपडीएवढा वाटतो. युरोप्लॅटस या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, वीसपेक्षा जास्त जाती आहेत आणि त्यातली एकही मादागास्कर आणि तिथल्या किनाऱ्यालगतच्या बेटांबाहेर निसर्गात आढळत नाही.

‘भारत आणि मादागास्कर पूर्वी जोडलेले होते ना?’ हा प्रश्न यावर हमखास येतो. होते. पण ते वेगळे होऊन सुमारे ८.८ कोटी वर्षं झाली. तेवढ्या काळात दोन्हीकडच्या पाली आपापल्या वाटेने बदलत गेल्या. जमीन जोडलेली होती म्हणून आजची जात दोन्हीकडे असलीच पाहिजे, असं होत नाही.

ताम्हिणीचा दावा तपासायला जंगलात जायचीही गरज नाही. फोटोवर बोट दाबून धरा, गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो किंवा त्याची भावंडं मादागास्करच्या नावासकट समोर येतील. फोटो खूप वेळा फॉरवर्ड होऊन धूसर झाला असेल, तर कडेचा मजकूर आणि इमोजी कापून फक्त प्राणी ठेवा आणि पुन्हा शोधा. बहुतेक वेळा शोध फसतो तो याच अक्षरांच्या गर्दीमुळे.

‘पाल आणि सरडा यांचा संकर’

पाली गेकोटा या शाखेत येतात. बागेतला सरडा (कॅलोटिस) आणि झाडावर डुलत चालणारा घोयरा सरडा, म्हणजे शॅमेलिऑन, हे दोघे इग्वानिया या दुसऱ्या शाखेत. या दोन शाखा एकमेकींपासून फुटल्या त्याला १५ कोटी वर्षांहून जास्त काळ झाला. इतक्या दूरच्या प्राण्यांचा संकर होत नाही. गुणसूत्रं जुळत नाहीत आणि भ्रूण तयारच होत नाही.

शिवाय संकर असता तर अंगावर दोन्हींच्या खुणा मिसळलेल्या दिसल्या असत्या. इथे तसं काहीच नाही. शॅमेलिऑनची बोटं दोन जुड्यांत जोडलेली असतात, फांदी चिमट्यात धरायला. युरोप्लॅटसची पाचही बोटं सुटी, टोकाला पंख्यासारखी रुंद आणि खाली चिकटणाऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्यांवर डोळ्याला न दिसणारे लाखो केसासारखे तंतू असतात, आणि तंतू व पृष्ठभाग यांच्या रेणूंमधल्या क्षीण आकर्षणावर पाल भिंतीला धरून राहते. डिंक नाही, चोषक नाही. शॅमेलिऑनच्या डोळ्यावर पापण्या जुळून झालेला शंकू असतो आणि दोन डोळे दोन दिशांना फिरतात. युरोप्लॅटसला हलणाऱ्या पापण्याच नाहीत. डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो आणि धूळ बसली की ती जिभेने पुसते, घरातल्या ट्यूबलाइटशेजारची पाल पुसते तशीच. बाहुली उभी, कडा दंतुर. अंडीही पालीचीच: एका वेळी बहुधा दोन, कडक चुनखडी कवचाची. सरड्यांची अंडी संख्येने जास्त आणि चामड्यासारख्या मऊ कवचाची असतात.

राहता राहिली ‘शिंगं’. ती हाडाची नाहीत. डोळ्यांवरची कातडी आणि खवले टोकदार होऊन वर आलेले आहेत, एवढंच. वाळक्या पानाची कड मुरडते तशी डोक्याची बाह्यरेषा तुटक दिसावी, यासाठी त्यांचा उपयोग.

‘शास्त्रज्ञांनाही ठरवता आलेलं नाही’

सगळ्यात जास्त खोडायला हवं ते हे वाक्य, कारण ते ऐकायला विनम्र आणि खरं वाटतं. या जातीचं वर्णन १८८८ मध्ये झालं. ते करणारे जॉर्ज आल्बर्ट बूलेंजर हे ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारे प्राणिशास्त्रज्ञ. जीनस त्याहून जुना. त्यातली सगळ्यात ठळक मोठी जात, युरोप्लॅटस फिम्ब्रिअॅटस, अठराव्या शतकाच्या अखेरीस वर्णिली गेली, तेव्हा ती स्टेलिओ नावाच्या भलत्याच जीनसमध्ये टाकली होती.

मतभेद झाले ते एका पायरीवर. याच बूलेंजर यांनी एकोणिसाव्या शतकात युरोप्लॅटससाठी युरोप्लॅटिडी असं स्वतंत्र कुळ धरलं होतं, इतकं त्याचं रूप वेगळं वाटलं. पुढे सांगाडा आणि डीएनए या दोन्हींच्या अभ्यासातून ते बाकीच्या पालींपासून तुटलेलं नाही हे स्पष्ट झालं, आणि आज ते गेकोनिडी कुळातच आहे. घरातली हेमिडॅक्टिलस पाल ज्या कुळात, त्याच कुळात. वर्गीकरण बदललं म्हणजे ‘ठरलेलं नव्हतं’ असा अर्थ काढायचा नसतो. पुरावा वाढला आणि कप्पा दुरुस्त झाला.

पानासारखी शेपटी पाहून गट ठरवायला गेलं की घोटाळा कसा होतो, हे ऑस्ट्रेलियात दिसतं. तिथल्या फिल्युरस आणि साल्चुएरियस या पालींच्याही शेपट्या चपट्या, पानासारख्या. पण त्यांचं कुळ कार्फोडॅक्टिलिडी, आणि बोटांखाली चिकटपट्ट्या अजिबात नाहीत. पक्ष्यासारखी सडपातळ, नख्यांची बोटं. आग्नेय आशियात आणि आपल्याकडे निकोबार व मिझोराममध्ये उडत्या पाली आहेत. त्यांच्या अंगाला कातडीची झालर आणि शेपटीला दातेरी कड असते. त्या बरीच वर्षं टायकोझून नावाच्या वेगळ्या जीनसमध्ये होत्या. डीएनए अभ्यासानंतर अलीकडे त्यांना गेको या जीनसमध्ये घेतलं. झाडाच्या सालीवर दिवसभर निश्चल पडून राहायचं आणि पक्ष्यांच्या नजरेतून सुटायचं, ही गरज तिन्हीकडे सारखी. उपाय सारखा निघाला, नातं मात्र तेवढं जवळचं नाही. म्हणून पालींचा अभ्यासक शेपटीआधी बोटं उलटी करून बघतो.

शास्त्रज्ञ आज खरोखर वाद घालतात तो प्रश्न वेगळा आहे: एका नावाखाली किती जाती लपल्या आहेत? युरोप्लॅटस एबेनाउई आणि फॅन्टॅस्टिकस यांच्यासारख्या दिसणाऱ्या लहान पाली मादागास्करच्या वेगवेगळ्या डोंगरांवर आहेत. उत्तरेच्या माँताञ द’आम्ब्रवरच्या पालींना २०११ मध्ये युरोप्लॅटस फिनियावाना हे नाव मिळालं, मध्य-पूर्वेकडच्या जंगलातल्या एका जातीला २०१५ मध्ये युरोप्लॅटस फिएरा. त्या वेगळ्या कशावरून? शेपटीची लांबी शरीराच्या मानाने किती, तोंड उघडल्यावर आतली त्वचा काळी आहे की फिकट, डीएनएच्या ठरावीक तुकड्यात फरक किती, आणि शेजारच्या डोंगरावरच्या गटाशी संकराच्या खुणा दिसतात का. यातलं एकच लक्षण पुरत नाही. नुसत्या डीएनए-फरकावर नाव दिलं तर एकाच जातीचे दोन दूरचे गट दोन जाती ठरतात. नुसत्या रंगावर दिलं तर एकाच झुडपावरच्या दोन पाली दोन जाती ठरतील, कारण फॅन्टॅस्टिकसमध्ये पिवळट, तपकिरी, नारिंगी, करड्या अशा सगळ्या छटा सापडतात. नव्या नावासोबत एक ठरलेला नमुना, होलोटाइप, संग्रहालयात ठेवावा लागतो, म्हणजे पुढे कुणालाही तो काढून पुन्हा खवले मोजता येतात.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर पुणे जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. जुन्नर तालुक्यातल्या घाटघरच्या खडकांवरची मोठी पाल २००८ मध्ये हेमिडॅक्टिलस आरोनबाउरी या नावाने वर्णिली गेली. त्याच वर्षी सातारच्या चाळकेवाडी पठारावरची हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. खवल्यांची रचना, बोटांखालच्या पट्ट्या, नराच्या मांडीवरची छिद्रं असं सगळं मोजून. नवी जात अशी जाहीर होते. ‘पुढे पाठवा’ म्हणून होत नाही.

‘क्षणात रंग बदलून अदृश्य’

त्वचेतल्या रंगपेशींमधलं काळं रंगद्रव्य पसरलं की पाल गडद दिसते, आकसलं की फिकट. युरोप्लॅटस हे करतात. रात्री आणि दिवसा छटा वेगळी दिसते. पण हा बदल क्षणाचा नसतो आणि हिरव्याचा लाल असाही नसतो. लपण्याचं काम मुख्यतः आकार करतो. फिम्ब्रिअॅटससारख्या मोठ्या जाती दिवसा खोडाला डोकं खाली करून चिकटतात आणि जबड्याच्या व अंगाच्या कडेची झालर सालीवर पसरवतात. झालर पसरली की पालीची सावलीच पडत नाही, आणि सावली नसली की पक्ष्याला कड सापडत नाही. छोटी फॅन्टॅस्टिकस मात्र खोडावर नाही, खालच्या झुडपात आणि वाळक्या पानांत असते. तिला ती रुंद झालर नाही. तिची भिस्त शेपटीवर: मधोमध पानाच्या शिरेसारखी रेघ, कडेला किडीने खाल्ल्यासारखे खाचे. नराच्या शेपटीला हे खाचे जास्त असतात. रात्री हीच पाल फांद्यांवर किडे शोधत फिरते आणि टॉर्चमध्ये ती पान नाही हे चटकन कळतं.

‘चावल्यास दहा मिनिटांत मृत्यू’

जगातली एकही पाल विषारी नाही. सरड्यांच्या जगात विषारी म्हणून सिद्ध झालेला ठळक गट हेलोडर्मा (गिला मॉन्स्टर आणि त्याचे भाऊबंद), तो अमेरिका, मेक्सिको, ग्वाटेमालात. आणि तो पालींचा नाही. पालीच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. म्हणून अन्नात पाल पडली तर ते टाकून द्यायचं आणि भांडं साबणाने घासायचं. त्यातून झालीच तर जुलाब-उलट्या होतील, विषबाधा नाही.

या वाक्याची किंमत मोजतात त्या आपल्याकडच्या पाली. पुणे परिसरातल्या खडकाळ टेकड्यांवर बिबट्या पाल, युब्लेफॅरिस फस्कस, आढळते. जाडसर शेपटी, पिल्लांच्या अंगावर पिवळे-काळे पट्टे, आणि पालींमध्ये विरळा असलेल्या हलत्या पापण्या. बोटांखाली चिकटपट्ट्या नसल्याने ती भिंत चढू शकत नाही, जमिनीवरून हळू चालते, शेपटी वर उचलून धरते. हे सगळं लोकांना ‘विषारी’ वाटतं आणि काठी पडते. चिंच-आंब्याच्या खोडावरची सालीच्या रंगाची करडी पाल, हेमिडॅक्टिलस लेशेनॉल्टी, हीही अशीच निरुपद्रवी. ‘छपून बसणारी पाल’ खरंच पाहायची असेल तर जुन्या चिंचेच्या खोडावर संध्याकाळनंतर टॉर्च तिरका धरा. समोरून धरला तर साल आणि पाल एकच दिसते.

‘जिवंत पकडून देणाऱ्यास लाखो रुपये’

कोण देणार, हे मजकुरात कधीच नसतं. युरोप्लॅटस हा अख्खा जीनस २००४च्या बँकॉक बैठकीत साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला, म्हणजे परवान्याशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना त्यामुळे नोंदणीचं बंधन आलं. कुणी चोरून आणलीच, तरी या पालीला साधारण २० ते २५ अंश तापमान आणि सतत दमट हवा लागते. पुण्याच्या एप्रिलमध्ये, पारा ३८च्या वर आणि हवा कोरडी असताना, बंद फ्लॅटमधल्या काचेच्या पेटीत ती फार काळ तग धरणार नाही. आणि इथली देशी पाल पकडून ‘हीच ती’ म्हणून विकायला निघालात, तर लाखांऐवजी वनविभागाची केस मिळण्याची शक्यता अधिक.

वेगळी वाटणारी पाल खरोखर दिसली तर हात न लावता चार फोटो काढा: वरून पूर्ण शरीर, बाजूने डोकं (बाहुली गोल आहे की उभी आणि पापणी आहे का, हे दिसेल असं), शेपटी, आणि जमल्यास बोटं. पाल खिडकीच्या काचेवर असेल तर पलीकडून बोटांखालच्या पट्ट्या फार छान टिपता येतात. हेमिडॅक्टिलसमध्ये त्या जोडीजोडीने दुभंगलेल्या दिसतात. बाहुली गोल आणि बोटं सडपातळ असली तर बहुधा निमॅस्पिस, दिवसा हिंडणारी छोटी पाल. आकार कळावा म्हणून शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा, पण पाल त्यामुळे पळणार असेल तर राहू द्या. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्ग-नोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण आणि वेळेसकट टाका. ताम्हिणीचं नाव तिथे लिहायचं ते फोटो ताम्हिणीत काढला असेल तरच.