पोह्यांच्या कागदावरच्या काकू

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितेय. लांबेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सोडून द्या.

राजवाड्याकडे काम होतं, म्हटलं आधी पोहे खाऊन घेऊ. गरम पोहे, वर शेव, जिरावन, कांदा, सगळं मस्त. अर्धे संपले आणि खालच्या कागदातून एक चेहरा वर यायला लागला. शेव बाजूला सारली तर चष्मेवाल्या एक काकू! आधार कार्डाची झेरॉक्स. नाव, जन्मतारीख, सगळं स्वच्छ वाचता येत होतं, नंबरच्या फक्त शेवटच्या दोन आकड्यांवर हळदीचा डाग. पोहेवाल्याला विचारलं, भैया ये कागज कहाँ से आया? तर म्हणे, दीदी, रद्दी है, किलो के भाव आती है. त्या बिचाऱ्याला काय बोलणार. पण ज्याने कुठल्यातरी काउंटरवर बसून काकूंकडून "एक झेरॉक्स लागेल" म्हणून ती घेतली आणि काम झाल्यावर गठ्ठा रद्दीत घातला, त्याला मात्र मी मनातल्या मनात खूप काही बोलले, इथे लिहिता येणार नाही.

पुढचा घास गेलाच नाही. आमच्या घरी येणंजाणं असलेल्यांना कारण माहितेय. गेल्या वर्षीचं आईचं प्रकरण.

भावाला होमलोन हवं होतं, घर दोघांच्या नावावर म्हणून आई को-अ‍ॅप्लिकंट. आई म्हणजे तुम्हाला माहितेय, छत्तीस वर्षं मास्तरीण, किराण्यावाल्याचे दोन रुपये राहिले तर नातवाला परत पाठवणारी. बँकेतल्या मुलाने स्क्रीनकडे बघून म्हटलं, "माताजी, आपका एक लोन ओवरड्यू है." आई आधी हसली. तिला वाटलं दुसऱ्या कोणाचं बोलतोय. मग त्याने स्क्रीन फिरवली. तिचं नाव, तिचा पॅन, तिची जन्मतारीख, आणि 34 हजारांचं मोबाइलचं लोन, सात हप्ते थकलेले. फोन नंबर भलताच, पत्ता अशा गावचा जिथे ती आयुष्यात गेली नाही. हप्ते मागायचे फोन आम्हाला येणार तरी कसे, नंबरच आमचा नव्हता ना!

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एफडीची पावती घेऊन आली, म्हणाली "मोडून टाक, भरून टाकू, विषय संपेल." आणि मी, खरं सांगते, दोन मिनिटं हो म्हणणार होते. बरं झालं नाही म्हटलं. भरले असते म्हणजे लोन आपलंच होतं असं आपणच कबूल केलं असतं, आणि थकलेले हप्ते रेकॉर्डवर तसेच दिसत राहिले असते.

मग सुरू झाली वरात. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन, त्यांच्या पोर्टलवर तक्रार, ठाण्यात अर्ज, फायनान्स कंपनीला पत्र, ब्युरोकडे, म्हणजे कोणाचं कर्ज किती, फेडतोय का याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, डिस्प्यूट. ब्युरो म्हणे आम्ही स्वतःहून काही बदलू शकत नाही, लोन देणाऱ्याने सांगितलं पाहिजे. लोन देणारा म्हणे "केवायसी पूरा है मॅडम". अरे पूरा आहे म्हणूनच तर आलोय ना! नियम काय, 30 दिवसांत निकाल लागला पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये तक्रार करणाऱ्याला. आमचे चार महिने गेले. शंभर रुपये राहू द्या, एक सॉरी आलं नाही.

आता राग कोणाचा येतो सांगू? आपलाच. ती एंट्री वर्षभर तिथे बसली होती आणि आम्ही कोणी बघितलंच नाही. 2017 पासून प्रत्येक ब्युरोला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क, चार आहेत. म्हणजे दर तीन महिन्यांनी एकेकाचा काढला तरी वर्षभर नजर राहते. आणि "आपणच बघितलं तर स्कोअर पडतो" हे जे कोणीतरी पसरवलंय ना, ते खोटं आहे, आपला आपण बघितला तर काही होत नाही. नुसता स्कोअर बघून "782 आहे, बढिया" करून बंदही करू नका, खाली इन्क्वायरी म्हणून भाग असतो, लोनसाठी कोणकोणत्या कंपनीने तुमचा रिपोर्ट मागवला त्याचा, तो वाचा. तुम्ही अर्ज केला नाही अशा कंपनीचं नाव तिथे दिसलं तर कान टवकारा. आईच्या रिपोर्टमध्ये लोनच्या आधी अशा तीन होत्या. तीन!

माझा मावसभाऊ म्हणतो, आपण कुठे लोन घेतो, आपल्याला काय करायचंय सिबिल. आईने तरी कुठे घेतलं होतं रे?

हो, मान्य, सगळ्यांना हे जमत नाही, ओटीपी म्हटलं की म्हाताऱ्या माणसांना धडकी भरते. मग मुलांनी बसा ना शेजारी दहा मिनिटं, रील बघायला वेळ असतोच.

आणि मेडिक्लेम? तिथे तर कोणी बघतच नाही. आईच्या प्रकरणानंतर मी भीतीने घरातल्या सगळ्या पॉलिसींचे क्लेम उघडून बघितले, कुठलं हॉस्पिटल, कुठली तारीख, किती रक्कम, शिल्लक कव्हर किती. सुदैवाने सगळं आपलंच होतं. पण विचार करा, तुमच्या नावावर दुसराच कोणी अ‍ॅडमिट झाला तर पैसे जातातच, वर त्याची शुगर, त्याचं हार्ट तुमच्या नावावर चढतं. उद्या खरंच गरज पडली की म्हणणार, हा आजार आधीपासून होता, तुम्ही लपवला. सिद्ध करत बसा.

झेरॉक्स द्यावीच लागते हे मलाही कळतं, गॅसवाला, सिमवाला, यात्रा कंपनी, सगळे मागतात. आईची कुठून फुटली ते आजवर कळलं नाही, आम्ही आठवून आठवून अकरा ठिकाणं मोजली. आता ती प्रत्येक झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त गॅस कनेक्शनसाठी" असं आडवं लिहिते, मास्तरणीच्या अक्षरात, लाल पेनाने. शक्य तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार देतो. परवा एका काउंटरवरचा पोरगा तिच्यावर हसला. हसू दे.

तर तो पोह्यांचा कागद मी तिथे टाकूच शकले नाही. पर्समध्ये घालून घरी आणला, पर्सला तेलाचा वास येतोय अजून. आईला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ त्या काकूंकडे बघितलं, "माझ्याच वयाच्या दिसतात" म्हणाली, आणि मग बसून त्याचे बारीक बारीक तुकडे केले, नंबरचे तर अगदी नखाएवढे. मग ओंजळीत घेऊन स्वयंपाकघरात उभी, आणि मला विचारते, हे ओल्यात टाकायचं का सुक्यात?