पाट्या टाकणं प्रेक्षकाला कळतंच

‘नाटकाचे प्रयोग वाढले की नट आळशी होतात’ असं एका लेखात वाचलं, ते निदान अर्धंच पटलं. मी काही वर्षं नाटकाचं संगीत ऑपरेट केलंय, विंगेतून एकच प्रवेश शे-दीडशे वेळा पाहिलाय. आळस नसतो हो तो, पुढचं सगळं माहीत असणं नडतं.

आमच्या नाटकात नायक पत्र उघडून वाचतो आणि खुर्चीत बसतो. सुरुवातीला त्याची नजर ओळीओळीवरून फिरायची. साठाव्या-सत्तराव्या प्रयोगापर्यंत पत्र पूर्ण उलगडायच्या आधीच गुडघे वाकायला लागले! प्रॉपर्टीवाल्याने (म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू सांभाळणाऱ्याने) एकदा गुपचूप पत्रातला मजकूरच बदलला. त्या दिवशी नट खरोखर वाचत राहिला, पॉज लांबला आणि थिएटर चिडीचूप. (नंतर प्रॉपर्टीवाल्याने बोलणी खाल्ली, ते वेगळं.)

दुसरा रोग हशाचा. जिथे रोज हशा येतो तिथे नट आधीच थांबून वाट बघतो, मग हशा येत नाही. मग आवाज चढवतो, मग तर अजिबातच येत नाही.

लंडनमध्ये १९५२ पासून चाललेल्या ‘द माउसट्रॅप’ या अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यनाटकाचा नटसंच ठरावीक काळाने बदलतात. सगळ्यांना ते परवडत नाही, मान्य. पण पंचवीस-तीस प्रयोगांनी दिग्दर्शकाने मागच्या रांगेत बसून एक प्रयोग बघावा आणि दुसऱ्या दिवशी तालीम लावावी, एवढं तरी जमायला काय हरकत आहे? बहुतेक दिग्दर्शक शुभारंभानंतर फिरकतही नाहीत, आणि लेखात सगळं खापर मात्र नटांवर.