वाटेचा हक्क कुठे लिहिलेला असतो?

महाराष्ट्रातून येणाऱ्या बातम्यांत एक चित्र आता ओळखीचे झाले आहे. कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यात जीप रुतलेली असते, किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या पठारावर ओले गवत उकरत कोणी गाडी गोल फिरवत असतो, आणि त्या चित्रफितीखाली भांडण पेटलेले असते. एक बाजू म्हणते की असल्या गाड्यांवर सरसकट बंदी घाला. दुसरी म्हणते की आम्ही कर भरतो, गाडी डोंगरासाठीच घेतली आहे, मग ती चालवायची कुठे? दक्षिण इंग्लंडमध्ये राहून इथल्या कच्च्या वाटांवर रीतसर गाडी चालवायला शिकल्यानंतर मला या भांडणात एका प्रश्नाची उणीव फार जाणवते. जिथे चाक टेकले आहे तिथून गाडी नेण्याचा हक्क कोणाला आहे, आणि तो कोणत्या दप्तरात लिहिलेला आहे?

इंग्लंडमध्ये नवख्या माणसाला सगळ्यात आधी नकाशा वाचायला सांगतात. 1949 च्या कायद्याने इथल्या काउंटी कौन्सिलांवर, म्हणजे जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थांवर, आपल्या हद्दीतील सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली, आणि त्यात प्रत्येक वाटेचा दर्जा ठरवलेला असतो. काही वाटा फक्त पायी जाणाऱ्यांच्या, काही घोडेस्वार आणि सायकलवाल्यांच्याही, काहींवर घोडागाडी चालते पण मोटार नाही, आणि काही सर्व वाहनांना खुल्या असतात. मोटार नेता येते ती या शेवटच्या प्रकारच्या वाटेवर, म्हणजे खुल्या बायवेवर, आणि असे बायवे एकूण वाटांच्या लांबीत जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या 1:25,000 प्रमाणाच्या नकाशावर ते हिरव्या अधिकचिन्हांच्या ओळीने दाखवतात, जागेवरच्या खांबावर त्यांचा बाण लाल असतो, पायवाटेचा पिवळा, घोडेवाटेचा निळा आणि मोटारबंद बायवेचा जांभळट. नकाशावर हिरव्या ठिपक्यांनी दाखवलेले काही जुने रस्तेही असतात, परंतु तिथे मोटारीचा हक्क आहे असे गृहीत धरून चालत नाही; कौन्सिलच्या रस्ते विभागात विचारूनच जावे लागते.

बायवे हा कायद्याने रस्ताच असल्यामुळे परवाना, विमा, रस्ताकर, वार्षिक तपासणी आणि नंबरप्लेट यांतले काहीही तिथे माफ होत नाही. तो सोडून परवानगीविना शेजारच्या कुरणात किंवा माळावर गाडी घातली, तर 1988 च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम 34 खाली तो गुन्हा ठरतो. त्यातून लोकांना उपद्रव झाला, तर 2002 च्या पोलीस सुधारणा कायद्यानुसार पोलीस गाडी जप्त करू शकतात.

मी राहतो त्या भागाजवळून रिजवे जातो. ओव्हरटन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत सुमारे 139 किलोमीटरची ही प्राचीन वाट खडूसारख्या मऊ, पांढऱ्या दगडाच्या टेकड्यांच्या माथ्यावरून जाते, आणि तिचे काही तुकडे खुले बायवे आहेत. उन्हाळ्यात तिथली जमीन इतकी टणक असते की साधी फोर बाय फोर गाडी लो गिअरमध्ये कुठलाही आवाज न करता पुढे सरकते. मात्र दोन दिवस पाऊस पडला की खडूवर साबणासारखा थर येतो, जुन्या चाकोऱ्यांत दुधाळ पाणी साचते, आणि चाक एकदा त्यात उतरले की चालकाने स्टिअरिंग कितीही वळवले तरी गाडी चाकोरी सांगेल तिकडेच जाते. मग मागून येणारा माणूस ती टाळण्यासाठी कडेच्या गवतावरून गाडी काढतो, त्याच्या मागचा आणखी बाहेरून काढतो, आणि एका हिवाळ्यात वाट दुप्पट रुंद होते. म्हणूनच रिजवेच्या बहुतेक खुल्या तुकड्यांवर 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल या काळात मोटारींना बंदी असते. ही बंदी लेखी आदेशाने येते, तिला तारखा असतात आणि मे महिन्यात ती उठते. बंदीला मुदत असली की ती पाळणाऱ्याला आपण हाकलले गेलो असे वाटत नाही, हे मी इथल्या चालकांत पाहिले आहे.

नवख्याने कसे वागावे याचे संकेत ग्रीन लेन असोसिएशनसारख्या चालकांच्या संघटनांनीच घालून दिले आहेत. एकट्याने जाऊ नये, पण चार-पाचपेक्षा जास्त गाड्यांचा ताफाही नेऊ नये. ताशी 12 मैलांच्या वर जाऊ नये. फाटक जसे सापडले तसे ठेवावे, म्हणजे बंद असले तर बंद आणि उघडे असले तर उघडे. घोडा दिसला की थांबून इंजिन बंद करावे. हा शेवटचा संकेत मला सर्वांत मोलाचा वाटतो. इंजिन बंद झाले की स्वार मान हलवतो, घोडा कान टवकारून गाडीकडे पाहत बाजूने निघून जातो, आणि तो पुरेसा लांब गेल्यावरच किल्ली फिरवायची असते. तेवढ्या दोन मिनिटांत त्या स्वाराचे मोटारवाल्यांविषयीचे मत बनते, आणि पुढे कौन्सिलकडे जाणाऱ्या तक्रारी अशा मतांतूनच येतात.

हे सारे सुरळीत चालले आहे असे चित्र मला उभे करायचे नाही. शंभर वर्षांपूर्वी बैलगाडी किंवा घोडागाडी जात होती एवढ्या पुराव्यावर 2006 पर्यंत इथे मोटारीचा हक्क मागता येत असे. त्या वर्षीच्या कायद्याने, काही अपवाद वगळता, नकाशात न नोंदलेले मोटारीचे हक्क संपुष्टात आले. पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानात लाँग कॉजवे आणि चॅपल गेट या वाटा त्यानंतर मोटारींना बंद झाल्या. पायी फिरणाऱ्यांच्या संघटना आणखी बंदी मागतात, चालकांच्या संघटना कोर्टात जातात. तरीही दोन्ही बाजू ठराविक वाटेच्या ठराविक तुकड्याबद्दल भांडतात आणि दोघांच्या हातात तोच नकाशा असतो. आपल्याकडच्या वादात ही सोय नाही.

खरे तर आपल्याकडे नकाशा आहे. गावोगावच्या गाव नकाशांवर शिवरस्ते, गाडीवाटा आणि पायवाटा तुटक रेषांनी काढलेल्या आहेत. पाणंद अडवली तर तहसीलदाराकडे 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली दाद मागता येते, आणि बांधावरून रस्ता मागायला जमीन महसूल संहितेचे कलम 143 आहे. 2021 मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. हे सगळे शेतकऱ्यासाठी आहे आणि तसेच असले पाहिजे, कारण ज्याचा ऊस पावसात शेतातून बाहेर निघत नाही त्याचा हक्क शहरातून येणाऱ्या हौशी चालकाच्या कितीतरी आधी येतो. ओल्या पाणंदीतून जाड टायरच्या पाच गाड्या गेल्यावर तिथे बैलगाडी किंवा ट्रॅक्टर कसा जाईल, हे कोणत्याही खेडुताला विचारावे.

कास पठार, वेळासचा किनारा किंवा गोव्यातले मोरजी आणि गालजीबाग यांच्या बाबतीत तर चर्चेला जागाच नाही. कासला जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे, त्यात रुजणारी फुले चाकाखाली आली तर तिथली माती दाबली जाऊन पुढच्या पावसात पाणी धरत नाही. किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात आणि ती वरून दिसत नाहीत. अशा जागी गाडी नेणाऱ्याला दंड झाला याचा मला आनंदच होतो. राखीव वनात आणि संरक्षित किल्ल्यांच्या परिसरातही तीच कठोरता हवी.

माझा आक्षेप आहे तो या जागांवरच्या बंदीने प्रश्न मिटला असे मानण्याला. जे तरुण कर्ज काढून अशा गाड्या घेत आहेत त्यांना कायदेशीर वाट दाखवली नाही, तर ते बेकायदेशीर वाट शोधतीलच. ज्या गावांची तयारी असेल तिथे ग्रामसभेने ठराव करून आपल्या शिवेवरची एखादी खडकाळ, शेतीला न लागणारी गाडीवाट जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांसाठी खुली करावी, गाड्यांची संख्या ठरवावी, शुल्क घ्यावे आणि ते त्याच वाटेच्या मुरमीकरणावर खर्च करावे. तिचा क्रमांक, सीमा आणि बंदीच्या तारखा तलाठ्याच्या दप्तरात आणि वाटेच्या तोंडाशी फलकावर, दोन्हीकडे असाव्यात. अशी पहिली वाट तयार होईपर्यंत मला कोणी भाच्याने किंवा पुतण्याने विचारले, तर मी त्याला मालकाच्या परवानगीने चालणाऱ्या खासगी ट्रॅकवर, जाणत्या माणसाला शेजारी बसवून, साध्या टायरवर आणि उन्हाळ्यात सुरुवात करायला सांगेन.