बदल शिक्षकांनाच नको असतो?

'शिक्षकांची मानसिकता बदलत नाही तोवर सरकारी शाळा बदलणार नाहीत' हा लेखाचा सूर अर्धाच पटला. मी नागपूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्यात कामचुकार नाहीत असं कोण म्हणेल? पण वरून आलेला बदल टिकतो किती, तेही बघा. २०२३ मध्ये दप्तराचं ओझं कमी करायला पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं घातली. २०२५ उजाडताच निर्णय रद्द. 'एक राज्य एक गणवेश'चंही तेच, गणवेशाचे अधिकार फिरून शाळा व्यवस्थापन समितीकडे. पोरांना सवय लागायच्या आत नवा जीआर (शासन निर्णय) हजर. मग शिक्षक एवढंच शिकतो की थांबा, हेही जाईल.

त्यात निर्णय होतात पुण्या-मुंबईत. २०२५ ला पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर २५ एप्रिलपर्यंत ठेवल्या. तेव्हा आमच्याकडे पारा चाळिशीपार असतो. पत्र्याखाली बसून साहेबांनी एक पेपर सोडवून बघावाच!

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. पण निवडणुकीच्या नावावर बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, वरून यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी. दोनशिक्षकी शाळेत एक जण बैठकीला गेला की पहिली ते पाचवी दुसऱ्याच्या गळ्यात. नवा प्रयोग फसला तर नोटीस, केलाच नाही तर कुणी विचारत नाही. लेखात यावर एक ओळही नाही.