एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून गोळ्या बंद? अजिबात नाही

मावशीला सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालंय. तपासणीसाठी रक्त देऊन झालंय, रिपोर्ट यायचाय, आणि नेमका आत्ताच घरच्या ग्रुपवर कुणीतरी 'लिव्हरच्या पेशंटने रिपोर्ट येईपर्यंत पाळायचे नियम' हा मेसेज ढकलला. मावशी विचारतेय, "गोळ्या थांबवू का गं?" म्हणून हा खटाटोप.

'एसजीपीटी नॉर्मल म्हणजे लिव्हर बरं झालं, औषधं बंद करा.' सगळ्यात घातक नियम हाच. एसजीपीटी हे एन्झाइम लिव्हरच्या पेशींत असतं, पेशींना इजा झाली की रक्तात उतरतं. म्हणजे सध्या मारा चालू आहे का, याचा अंदाज त्यावरून येतो. आधीच किती नुकसान होऊन बसलंय, ते त्यातून कळत नाही. सिरोसिसमध्ये एसजीपीटी अगदी नॉर्मल असूनही पोटात पाणी होऊ शकतं. पटत नसेल तर मेल्ड स्कोअर बघा, म्हणजे लिव्हरचा आजार किती गंभीर आहे ते सांगणारा आकडा. ट्रान्सप्लांटच्या यादीत आधी कोण, हे अनेक देशांत त्यावर ठरतं. मूळ सूत्रात बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य), आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं). पुढे सोडियम आलं, मेल्ड 3.0 मध्ये अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन) आणि पेशंट स्त्री की पुरुष हेही आलं. एसजीपीटी? कुठेच नाही! आणि हिपॅटायटिस बी (लिव्हरचा विषाणूजन्य आजार) असलेल्याने गोळ्या मनाने बंद केल्या तर आजार असा उसळू शकतो की लिव्हर निकामी व्हायची वेळ येते.

'एका आकड्यावरून घाबरू नका' हे मात्र खरं, मान्य करावंच लागेल. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम झाला तरी एसजीओटी, म्हणजे रिपोर्टमधलं दुसरं एन्झाइम, वाढतं, कारण ते स्नायूंतही असतं.

'रिपोर्टला उशीर म्हणजे डॉक्टर लपवतायत.' काय बोलायचं! बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेला लिव्हरचा तुकडा फॉर्मेलिनमधून काढून मेणात बसवतात, पातळ काप घेतात, रंग देतात, मग कुठे तो सूक्ष्मदर्शकाखाली जातो. व्हायरल लोडचे (रक्तात विषाणू किती, याच्या तपासणीचे) नमुने बऱ्याच लॅब साठवून एकदम लावतात.

'रिपोर्ट हातात येईपर्यंत डॉक्टरांना त्रास देऊ नका.' द्या, खुशाल द्या. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, पोटात पाणी असताना ताप, यातलं काहीही झालं तर रिपोर्टची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जायचं. दिवसा झोप आणि रात्री टक्क जागं, बोलण्यात घोळ, नेहमीची सही वाकडीतिकडी, हात पुढे करून मनगटं वर उचलली की पंजे फडफडणं, ही मेंदूवर परिणाम होत असल्याची लक्षणं असू शकतात. घरच्यांना 'थकवा असेल' वाटतं आणि तिथेच वेळ जातो.

'डिटॉक्स'चं थोडक्यात. मेसेजमध्ये ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल सुचवल्यात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलंय की अशा पूरक गोळ्यांतून रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला एक घटक) गेलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात. म्हणजे ज्या रिपोर्टची वाट बघतोय, तोच बिघडवायचा.

राहिलं 'पॅरासिटामॉल विष आहे, आयब्युप्रोफेन घ्या'. नेमकं उलटं. सिरोसिसमध्ये डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस, दिवसाला 2 ग्रॅमच्या आत पॅरासिटामॉल साधारणपणे चालतं. आयब्युप्रोफेन टाळायचं असतं, कारण त्याने रक्तस्राव होऊ शकतो आणि किडनीवर ताण येतो. मग क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे मेल्डही वाढला.